एक पान जास्तीचं

घरात मरण झालं की पहिल्या तासाभरात काय काय होतं हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. शेजारी धावून येतात, कुणी डॉक्टरचा दाखला आणायला पळतो, कुणी नातेवाइकांना कळवत बसतो. विम आणि मारी या डच जोडप्याच्या घरात यातलं काहीच करायची सोय नाही. वरच्या खोलीत न्यूमोनियानं गेलेला निको कागदोपत्री त्या घरात राहतच नव्हता. तो ज्यू. अत्तरं विकणारा फिरता विक्रेता. जर्मनांनी हॉलंड व्यापल्यावर या दोघांनी त्याला आसरा दिला, महिनोन् महिने जेवू घातलं, आजारात चोरून डॉक्टर आणला. आणि आता हा मेला. याला न्यायचं कुठं?

रात्री विम आणि डॉक्टर मिळून प्रेत जवळच्या बागेत नेऊन ठेवतात. सुटलो असं वाटेपर्यंत मारीच्या लक्षात येतं, की निकोच्या अंगावर विमचा पायजमा आहे आणि त्या पायजम्यावर लाँड्रीची खूण आहे. पोलिसांनी ती खूण धरून माग काढला तर थेट दारात. झालं! ज्यूला लपवणाऱ्या विम-मारीलाच आता घर सोडून लपायला जावं लागतं. परक्याच्या घरात पावलं न वाजवता वावरायचं, कुणीतरी आणून देईल ते खायचं, खिडकीजवळ जायचं नाही. निको इतके दिवस कसा जगत होता ते त्यांना आत्ता कळतं.

ही कथा हान्स कायल्सनच्या ‘कोमेडी इन मोल’ या लघुकादंबरीची. नाझी काळात सामान्य माणसांनी ज्यूंना कसं दडवलं यावर कादंबऱ्यांचा एवढा ढीग आहे की विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात त्याचं वेगळं कपाट लावता येईल. त्या ढिगातलं एकच पुस्तक ठेवायचं झालं तर मी हे ठेवीन. जेमतेम शंभर-सव्वाशे पानं. त्यात एकही पाठलाग नाही, गोळीबार नाही, प्रेमकथा नाही. आहे ती एका घरात एक पान जास्तीचं वाढायचं म्हटलं की काय काय करावं लागतं याची हकिगत.

कायल्सन स्वतःच निकोच्या जागी होता. जन्म १९०९चा, बर्लिनजवळच्या बाड फ्रायनवाल्डं गावातला. शिकला डॉक्टरकी. १९३३ साली पहिली कादंबरी आली आणि वर्षभरात नाझींनी तिच्यावर बंदी घातली. ज्यू म्हणून दवाखानाही थाटता येईना. १९३६ साली तो हॉलंडला आला. पुढे आईवडलांनाही त्यानं तिथं आणलं, पण ते दोघं पकडले गेले आणि आउश्वित्झमध्ये मारले गेले. त्यांना वाचवता आलं नाही याची टोचणी त्याला जन्मभर होती. तो स्वतः डेल्फ्ट शहरात एका जोडप्याकडे राहिला, ‘डॉक्टर योहानेस खेरिट फान डेर लिंडेन’ या नावाच्या खोट्या कागदपत्रांवर. युद्ध संपल्यावर १९४७ साली अॅमस्टरडॅमच्या क्वेरिडो प्रकाशनानं ही कादंबरी काढली. अर्पणपत्रिकेत डेल्फ्टच्या त्याच जोडप्याची, लिओ आणि सुस यांची नावं आहेत.

त्याच वर्षी २५ जूनला, त्याच शहरात, दुसऱ्या एका प्रकाशकानं एका मुलीची डायरी छापली. ती पुढे मराठीसकट जगभरच्या भाषांत गेली. अॅन फ्रँकचं नाव ऐकलं नाही असा शाळकरी मुलगा सापडणं कठीण. कायल्सनचं पुस्तक मात्र विस्मृतीत गेलं ते थेट २०१०पर्यंत. त्या वर्षी ते इंग्रजीत आलं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फ्रान्सीन प्रोज यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली, आणि लेखक तेव्हा हयात होता, शंभरीचा! पुढच्याच वर्षी, २०११ साली तो गेला.

लपलेल्या माणसानं लपवणाऱ्यांच्या बाजूनं लिहायचं हा या पुस्तकाचा खरा पराक्रम. उपकार घेतलेला माणूस उपकारकर्त्यांबद्दल लिहितो तेव्हा एकतर देव्हारा मांडतो किंवा गप्प बसतो. कायल्सननं दोन्ही केलं नाही. मारी मनाशी एक चित्र रंगवून बसली आहे: मुक्तीच्या दिवशी आपण तिघं हातात हात घालून दारातून बाहेर पडू, गल्ली बघत राहील. निको मेला आणि ते चित्र पुसलं गेलं. तिला त्याच्या जाण्याचं दुःख आहेच, पण त्या दुःखात थोडी चरफडही आहे, की एवढं करून हाती काय आलं! निको गेल्यावर तिला त्याच्या खोलीत अमेरिकन सिगारेटचं एक पाकीट सापडतं. सिगारेटचा एवढा तुटवडा असताना त्यानं ते जपून ठेवलं होतं, त्यांच्याही नकळत. एकाच छपराखाली इतके दिवस राहून दोघांनाही तो पुरता कळला नव्हता. देवमाणसांवरच्या कादंबरीत असलं पाकीट सापडत नाही.

आता थोडं घराबाहेरच्या हॉलंडबद्दल. जर्मनांनी हॉलंडवर हल्ला केला तो १० मे १९४० रोजी. पाच दिवसांत देश पडला. तेव्हा तिथं सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. हॉलंड म्हणजे सपाट देश, डोंगर-जंगल जवळपास नाहीच, आणि नोंदणी इतकी चोख की कोणत्या घरात कोण राहतं, कुणाचा धर्म काय, सगळं सरकारी कार्डांवर. १९४१ साली आलेलं डच ओळखपत्र तर नक्कल करायला महाकठीण. याकोब लेंट्स नावाच्या एका हुशार, कर्तव्यदक्ष सरकारी अधिकाऱ्यानं ते तयार केलं होतं. ज्यूंच्या ओळखपत्रावर ठळक ‘जे’. जुलै १९४२पासून गाड्या भरून जाऊ लागल्या, आधी वेस्टरबोर्कची छावणी, मग पूर्वेकडे. १ लाख ७ हजार माणसं नेली, परत आली सुमारे ५ हजार. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्या देशात नाही. साधा कारकून आपलं काम नेटानं करत राहिला की काय होतं, ते या देशात कळतं. म्हणूनच मार्च १९४३मध्ये कलावंत विलेम आरोन्डेउस आणि त्याच्या साथीदारांनी पोलिसांचे गणवेश चढवून अॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं. बारा जणांना त्यासाठी गोळ्या घातल्या गेल्या.

लपलेल्या माणसाला सगळ्यात आधी लागतं ते रेशनचं कूपन. ओळखपत्र नाही म्हणजे कूपन नाही, कूपन नाही म्हणजे पाव, बटाटे, लोणी काही नाही. कचेरीच्या वर लपलेल्या अॅन फ्रँकसकट आठ जणांसाठी मीप गीस आणि तिचा नवरा यान यांनी कूपनांची जुळणी केली ती भूमिगत गटांच्या मार्फत. मीप रोज पिशव्या घेऊन बाजारात जायची. एकाच दुकानातून आठ माणसांचं सामान उचललं तर संशय येणार, म्हणून चार दुकानं. जवळचा भाजीवाला हेंड्रिक फान हूव्ह काही न विचारता तिला जास्तीची भाजी द्यायचा, बटाट्यांची जड पोती दुपारच्या सुट्टीत कचेरीत पोचवायचा. मे १९४४मध्ये त्यालाच धरून नेलं. त्याच्या स्वतःच्या घरात दोन ज्यू सापडले होते! मीपही कमी नव्हती. दिवसा कचेरीच्या वर आठ जण सांभाळायचे आणि रात्री आपल्या घरी जायचं, तर तिथं यान आणि तिनं आणखी एका विद्यार्थ्याला लपवलेलं. हे तिनं वरच्या मंडळींना कळू दिलं नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.

कूपनं येत कुठून? जर्मन सरहद्दीला लागून असलेल्या विंटर्सवाइक गावात हेलेना कुइपर्स-रीटबर्ग नावाची पाच मुलांची आई होती. ‘रीक मावशी’ हे तिचं भूमिगत नाव. तिनं आणि फ्रिट्स स्लोम्प या पाद्र्यानं १९४२च्या अखेरीस लपलेल्यांना मदत करणारी देशव्यापी संघटना उभी केली. कूपनं पुरेनात तेव्हा या चळवळीतल्या तरुणांनी रेशन कचेऱ्यांवर सशस्त्र दरोडे घातले. युद्धकथांमध्ये पूल उडवतात, आगगाड्या पाडतात. हॉलंडमधल्या भूमिगतांच्या मोठ्या मोहिमा पाव-लोण्याच्या कागदांसाठी होत्या. रीक मावशी १९४४च्या डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छावणीत वारली.

हार्लेममध्ये टेन बोम कुटुंबाचं घड्याळजीचं दुकान होतं, वर राहतं घर. मुलगी कोरी हिच्या खोलीत खोटी भिंत घालून मागं जेमतेम उभं राहता येईल एवढी फट ठेवली होती, आत जायचं ते कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीतून, सरपटत. इशाऱ्याची घंटा वाजली की सगळ्यांनी किती वेळात नाहीसं व्हायचं, याची ते तालीम करत. ताटं उचलायची, गादी पालथी घालायची, कारण अंगाची ऊब गादीला राहते आणि झडती घेणारे ती हात लावून बघतात. २८ फेब्रुवारी १९४४ला धाड पडली. भिंतीमागं सहा जण होते, ते सुमारे दोन दिवस आत उभे राहिले आणि सापडले नाहीत. घरचे मात्र पकडले गेले. ८४ वर्षांचे वडील कास्पर दहा दिवसांत कैदेत वारले, थोरली बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकला. कायल्सनच्या कादंबरीतली उलटापालट प्रत्यक्षात अशी घडत होती.

आणि शेजारी? ज्यू पकडून दिला की साडेसात गिल्डर बक्षीस, पुढे ते वाढलं. हेनाइके नावाच्या मुकादमाच्या टोळीनं मार्च ते ऑक्टोबर १९४३ या काही महिन्यांत ८ हजारांवर माणसं पकडून दिली. हे काही जन्माचे गुंड नव्हते. आधी त्यांचं काम होतं रिकाम्या झालेल्या ज्यू घरांतल्या खुर्च्या-पडद्यांच्या याद्या करायचं. ते काम संपत आलं, तेव्हा माणसांच्या याद्या हाती आल्या. पंचवीस हजारांहून जास्त ज्यू लपले, त्यातले साधारण एक तृतीयांश पकडले गेले.

पैशांचा विषय कादंबऱ्या टाळतात. लपवणाऱ्यांपैकी बरेच जण खाण्याराहण्याचे पैसे घेत. कूपनाशिवाय काळ्या बाजारात पाव घ्यायचा तर दुसरं काय करणार? काहींनी मात्र अव्वाच्या सव्वा घेतले आणि पैसे संपल्यावर दार दाखवलं. जेरुसलेमची याद वाशेम ही स्मारकसंस्था ज्यूंना वाचवणाऱ्यांना ‘राष्ट्रांमधील सज्जन’ हा सन्मान देताना पैशांबाबत एवढंच बघते, की आसऱ्याची अट म्हणून मोबदला घेतला होता का. डचांच्या वाट्याला हा सन्मान सुमारे सहा हजार वेळा आला, पोलंडच्या खालोखाल. तरी वाचलेल्यांच्या आठवणी वाचल्या की एकाच घरात दोन्ही दिसतं: हप्ता वेळेवर मागणारी बाई आणि धाड पडली तेव्हा दारात आडवी उभी राहिलेली तीच बाई.

ड्रेन्टं प्रांतातलं नीवलांडं हे छोटं खेडं तर आख्खं या कामात होतं. योहानेस पोस्ट हा शेतकरी आणि आर्नोल्ड दाउवेस हा माळी हे त्यातले म्होरके. दाउवेसनं चोरून रोजनिशी लिहिली आणि बरण्यांत घालून जमिनीत पुरली. ती छापली गेली आहे, आणि तिच्यातला दाउवेस काही गोडबोल्या नाही. एक-दोन रात्रींचाच प्रश्न आहे म्हणायचं, माणूस शेतकऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि मग फिरकायचंच नाही. ठाम नकार देणाऱ्यांना त्यानं शिव्या घातल्या आहेत. आपल्याकडे लग्नकार्यात पाहुणे शेजाऱ्यांकडे उतरवणारा एक खटपटी काका असतो ना, तसा हा. फक्त चुकलं तर मरण. दोन रात्रींसाठी हो म्हटलेल्या माणसानं दोन वर्षं निभावली. मला हा ‘हो’ कुठल्याही भाषणापेक्षा खरा वाटतो. लोकप्रिय कादंबऱ्यांत नायिका एका वादळी रात्री निर्णय घेते आणि मग तिचं धैर्य शेवटच्या पानापर्यंत टिकून राहतं. प्रत्यक्षात तो निर्णय दर सोमवारी नव्याने घ्यावा लागे, धुणं वाळत घालताना. दोघांच्या घराच्या दोरीवर तिसऱ्याचे सदरे दिसून चालत नसत.

अॅमस्टरडॅममध्ये प्लांटाज मिडेनलान नावाचा रुंद रस्ता आहे. एका बाजूला नाट्यगृह, तिथं पकडलेल्या ज्यूंना कोंडत. समोर पाळणाघर, मुलांना तिथं ठेवत. मधून ट्राम. नाट्यगृहाच्या दारात पहारेकरी उभा. ट्राम येऊन थांबली की काही क्षण त्याला समोरचं दार दिसेनासं होई. तेवढ्यात पाळणाघरातली बाई मुलाला घेऊन बाहेर पडायची आणि ट्रामच्या आडोशानं चालायला लागायची. नाट्यगृहात वॉल्टर झ्युसकिंड यादीतली नावं गाळायचा, पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएटं पिमेंटेल मुलं सोपवायच्या, शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट ती कुंपणापलीकडून घ्यायचे. अशी सुमारे सहाशे मुलं निघाली. पिमेंटेल आणि झ्युसकिंड दोघंही वाचले नाहीत. फान हुल्स्ट १०७ वर्षांचे होऊन २०१८मध्ये गेले. त्या विद्यालयाच्या इमारतीत मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय उघडलं. रस्त्यावरून ट्राम अजून धावते, आणि ती समोरून जाताना पलीकडचं दार किती वेळ झाकलं जातं हे कुणालाही मोजून बघता येतं. फार नाही.

हारी मुलिश या डच कादंबरीकारानं याच विषयाला मागच्या दारानं हात घातला. त्याचे वडील ज्यूंची मालमत्ता गिळणाऱ्या बँकेत बड्या पदावर, आई ज्यू. वडलांच्या त्या नोकरीमुळेच आई वाचली. अशा घरात वाढलेला माणूस सरळ रेषेत काय लिहिणार? १९८२च्या त्याच्या कादंबरीत, जी इंग्रजीत ‘द असॉल्ट’ म्हणून आली, जानेवारी १९४५मध्ये हार्लेमच्या एका ओळीतल्या चार घरांसमोर फितूर पोलिसाला गोळी घालतात. प्रेत पडतं एका घरापुढे, त्या घरचे ते ओढून शेजारच्या दारात नेऊन टाकतात. जर्मन येतात, त्या शेजाऱ्याचं घर जाळतात, माणसं मारतात. बारा वर्षांचा आंतोन वाचतो. त्याला आयुष्यभर एकच प्रश्न: आमच्याच दारात का? पलीकडच्या आर्ट्स कुटुंबाच्या दारात का नाही? ते तर कुणाशी बोलत नसत, त्यांच्याबद्दल कुणाला आपुलकी नव्हती. पस्तीसेक वर्षांनी उत्तर मिळतं. आर्ट्सकडे एक ज्यू जोडपं लहान मुलासह लपलं होतं, म्हणूनच ते कुणाला घरी येऊ देत नसत, आणि शेजाऱ्याला हे ठाऊक होतं.

म्हणजे गल्लीतलं सगळ्यात माणूसघाणं घर हेच सगळ्यात माणुसकीचं. आणि त्या माणुसकीची किंमत मोजली दुसऱ्याच घरानं, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. यावर मुलिश निकाल देत नाही. आर्ट्स कुटुंब कादंबरीत जवळजवळ दिसतही नाही. लपवणाऱ्यांवर लिहिलेलं इतकं अचूक दुसरं काही मी वाचलेलं नाही, कारण लपवणारे असेच दिसले असणार: तुसडे, दार लावून घेणारे, दिवाळीचा फराळसुद्धा उंबऱ्यावरूनच घेणारे.

मार्गा मिंको या लेखिकेची एक गोष्ट आपल्याकडे हजारो मुलांनी वाचलेली आहे, पण लेखिकेचं नाव क्वचित कुणाच्या लक्षात असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातली ‘द अॅड्रेस’. युद्धानंतर एक ज्यू मुलगी मार्कोनी स्ट्रीटवरच्या ४६ क्रमांकाच्या घरी जाते. तिच्या आईनं ओळखीच्या बाईकडे चांदीची भांडी आणि घरातल्या इतर वस्तू ठेवायला दिल्या होत्या. बाई दार पुरतं उघडत नाही. तिच्या अंगात आईचाच स्वेटर. सांभाळून ठेवते म्हणणारे आणि परत येणाऱ्यांची वाट न बघणारे असेही पुष्कळ होते. मिंकोला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. घरी धरपकड झाली तेव्हा ती बागेच्या फाटकातून निसटली, घरातली ती एकटीच वाचली. २०२३ साली १०३ वर्षांची होऊन ती गेली.

भांडी परत मागणं अवघड, तर मुलं परत मागणं काय असेल! युद्ध संपल्यावर हॉलंडमध्ये दोन हजारांच्या आसपास ज्यू मुलं अनाथ होती. बहुतेकांना लपवणाऱ्या घरांचाच लळा लागलेला, धाकटी तर सांभाळणाऱ्या बाईलाच आई म्हणायची. कडव्या कॅल्व्हिनपंथी कुटुंबांनी लोकसंख्येतल्या आपल्या वाट्याच्या कितीतरी पट माणसं वाचवली होती. आता त्यांतल्या काहींना वाटू लागलं, की हे मूल देवानं आपल्या पदरात टाकलं आहे. मुलांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या अध्यक्ष होत्या खेसिना फान डेर मोलेन. पाळणाघरातून मुलं हलवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या, जीव धोक्यात घालून. ज्यू संघटना म्हणत होत्या, आमच्याकडे एवढीच मुलं उरली, ती आम्हाला द्या. खेसिनाबाई म्हणत होत्या, मुलाला आणखी एकदा घरातून उपटू नका. वर्षानुवर्षं हा वाद कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला. काही पालकांनी मूल परत द्यावं लागू नये म्हणून त्याला पुन्हा लपवलं, या खेपेला त्याच्याच नातेवाइकांपासून.

या मुलांना तपासणारा डॉक्टर होता हान्स कायल्सन. त्यानं अनाथ ज्यू मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत मानसोपचार केले, त्यातल्या २०४ जणांचा मोठं होईपर्यंत माग ठेवला आणि १९७९ साली, सत्तरीला टेकल्यावर, त्यावर डॉक्टरेट मिळवली. त्याचा निष्कर्ष असा, की मुलाचं पुढे कसं झालं हे ठरवण्यात छळापेक्षाही त्यानंतरच्या वर्षांचा वाटा मोठा होता: युद्ध संपल्यावर ते कुठल्या घरात पडलं, तिथं त्याला कसं वागवलं. या दोनशे चार मुलांत आणि त्यांना सोडायला तयार नसलेल्या, किंवा हसतमुखानं सोडून नंतर कोसळलेल्या आयांत दहा कादंबऱ्यांचा ऐवज होता. विम आणि मारीवर लिहिणाऱ्या माणसाला तो दिसला नसेल असं मानायला मी तयार नाही. पण ही मुलं त्याची रुग्ण होती. त्यांच्याबद्दल त्यानं कोष्टकं मांडली, तक्ते काढले आणि मुलांची नावं झाकून ठेवली.